दुमडीचा रंग

लिंबेच्या बाजारात, लोखंडसामानाच्या दुकानापुढच्या ओट्यावर
वायसन, माझे वडील, पायमशीन चालवायचे.
मी सहा वर्षांची. सांडलेल्या टाचण्या
चुंबकाने वेचून डबीत टाकायच्या, एवढंच माझं काम.

त्या वर्षी वरून हुकूम सुटला:
बाईचा गुडघा दिसता कामा नये,
आणि पँट तर नाहीच नाही.
कागदावर पुष्कळ कलमं होती म्हणे.
आमच्या ओट्यावर त्यांचं एकच वाक्य झालं,
"वायसन, दुमड सोडून दे."

आल्या. पोस्टातल्या, शाळेतल्या, इस्पितळातल्या.
चर्चमध्ये बाजा वाजवणारी उंच मिस एनिफाही आली,
तिच्या झग्याला सोडायला दुमडच नव्हती;
तिला पडद्याचं कापड जोडून दिलं.

दुमडीच्या आत कापड पहिल्या दिवसाचं असतं.
त्यानं ऊन पाहिलेलं नसतं, साबण खाल्लेला नसतो.
सोडली की विटक्या निळ्याखाली
चार बोटं गडद निळं उतरतं.
महिन्याभरात सगळ्या गावाच्या पोटऱ्यांवर ही पट्टी.
मला ती नक्षी वाटायची.
मलाही हवी म्हणून मी ओट्यावर लोळून रडले.

मग कापडं आली, साहेबांचा चेहरा छापलेली.
बायकांनी ती नेसून विमानतळावर नाचायचं.
वडील तेवढ्यापुरता चश्मा लावायचे.
शिवण डोळ्यातून जाता कामा नये, कानावरून चालेल,
आणि बसताना चेहरा खाली येणार नाही असं बेतायचं.
"माणसाला मागची बाजू असतेच," ते एकदा पुटपुटले,
आणि मग दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

वीस वर्षं.

कायदा उठला तेव्हा आंबे पिकत होते.
फाइनेस चिसाले आली, नवऱ्याची राखी पँट घेऊन.
नवरा दक्षिणेला खाणीत गेलेला, परत न आलेला.
"ही माझ्या मापाची करा."
वडिलांनी टेप गळ्यातून काढला, परत गळ्यात घातला.
बाईच्या पायाचं आतलं माप कसं घेतात
हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.
मला म्हणाले, तू धर.

मी खाली बसले. शून्य तिच्या हातात दिलं,
टेप घोट्याशी ओढला. एकोणतीस.
ती हसायला लागली, गुदगुल्या होतात म्हणून,
आणि हसता हसताच तिनं विचारलं,
त्याचं किती होतं?
बत्तीस.
"तीन इंच कापू नका," म्हणाली. "आत दुमडा."

कायदा गेला, पण त्याची फूटपट्टी
कुणीतरी उचलून घरी नेली असावी.
पुष्कळ वर्षांनी, वडील गेल्यावर, याच बाजारात
पोरांनी एका मुलीला घेरलं. जीन्ससाठी.
कायदा होता तेव्हा ती पोरं जन्मलीही नव्हती.

मी कात्री टाकली.
टोमॅटोवाल्या, सुक्या मासळीवाल्या, मी,
कमरेची चितेंजे सोडत धावलो,
हाताला हात लावून कोंडाळं केलं.
आतून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.
कुणाच्या तरी जुन्या कापडावर साहेब होते,
अर्धे विटलेले; तेच तिच्या खांद्यावर आले.
ते बघायला कुणाला सवड नव्हती.

रात्री मी ती जीन्स शिवली.
जुळता दोरा संपला होता, पिवळा घेतला,
मग ठरवलंच, पिवळाच राहू दे, दिसू दे.

ती अजून न्यायला आलेली नाही.
ओट्यावर टांगून ठेवली आहे.
वारा सुटला की
गुडघ्यात वाकते.